पुरे म्हणणारी पाने

आम्ही वर्गात सोयाबीनचे रोप उपटून दाखवतो. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात. ते हवेतला नायट्रोजन रोपाला पुरवतात. रोप त्यांना साखर देते. मग गाठी जितक्या जास्त तितके बरे? नाही. गाठी धरू लागल्या की मूळ पानांना निरोप धाडते. पाने उलट कळवतात, ‘आता पुरे.’

१९८५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हा आवर नसलेले सोयाबीन जाहीर केले. गाठी भरमसाट, वाढ मात्र खुंटलेली. अशा मुळावर साध्या सोयाबीनचा शेंडा कलम केल्यावर गाठी आटोक्यात आल्या. म्हणजे हिशेब पाने ठेवतात.

युरिया जास्त टाकला, तरी रोप गाठी कमी धरते. फुकटचा नायट्रोजन जातो, खताचा खर्च वाढतो.