अन्नछत्रातली शाळा

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. तालुक्याचं गाव. भाताची शेतं, नारळीच्या बागा, एक पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुलींचं सरकारी कला महाविद्यालय. आणि एक भली थोरली जुनी इमारत. तिचा दर्शनी भाग रथासारखा घडवलेला आहे आणि हत्ती-घोडे तो रथ ओढताहेत. हे मुक्तांबाळ छत्र. तमिळमधलं छत्रम म्हणजे आपलं अन्नछत्र, शिवाय वाटसरूंना राहायचीही सोय.

मुक्तांबाळ ही तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांची आवडती स्त्री. लग्नाची राणी नव्हे. ती लवकर गेली. आपल्या नावानं एखादं छत्र असावं ही तिची शेवटची इच्छा राजानं १८०० सालाच्या आसपास इथे पुरी केली आणि गावालाही तिचंच नाव दिलं, मुक्तांबाळपुरम. प्रेमाची स्मारकं पुष्कळ राजांनी बांधली. या स्मारकात शाळा भरायची, म्हणून मला ते ताजमहालापेक्षा जवळचं वाटतं.

संपादकांनी मला विषय दिला होता ऑनलाइन शिक्षणाच्या भवितव्याचा. मी वळले ती दोनशे वर्षांपूर्वीच्या छत्राकडे, कारण या छत्राच्या १८२२ सालच्या नोंदीतला एक आकडा डोक्यातून जात नव्हता: पंधरा शिक्षक आणि ४६४ विद्यार्थी. मुलं वेगवेगळ्या जातींची, वर्ग सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. त्याच वर्षी मुंबईत शाळेची पुस्तकं छापायला हवीत म्हणून मंडळी नुकती कुठे एकत्र येत होती.

सरफोजींकडे तेव्हा राज्य म्हणावं असं काही उरलं नव्हतं. १७९९ च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीनं मुलूख घेतला. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि तनखा राहिला. छत्रांची उत्पन्नंही जातील या काळजीनं जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. छत्रांत काय काय चालतं याचा तपशील त्यात आहे, आणि तो वाचताना शिक्षणखात्याची एखादी योजना वाचतोय असं वाटतं. छत्रात वेद शिकवणारे आहेत, पंतोजी आहे, वैद्य आहे, सर्पदंशावर इलाज करणाराही आहे. वाटेत अनाथ झालेली मुलं पंतोजीच्या हवाली केली जातात. त्यांना तीन वेळा जेवण, अंगाला लावायला चार दिवसांतून एकदा तेल, आजारी पडली तर औषध, घालायला कपडे. ज्याला जी विद्या शिकावीशी वाटेल ती शिकवायची. शिकून झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्राचाच. (अन्नछत्री जेवून वर मिरपूड मागायची तक्रार इथे कुणाला करताच आली नसती.)

या यादीत पाटी-पुस्तक शेवटी येतं. आधी पोट, मग अंग, मग दुखणं, मग आवड.

पण सरफोजी तंत्रज्ञानाचे वैरी नव्हते, उलट त्यांना त्याचा भारी सोस. तंजावरच्या राजवाड्यात त्यांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला, दक्षिणेतला पहिला. १८०६ मध्ये त्यावर 'बालबोध मुक्तावली' छापलं गेलं, म्हणजे मराठीतल्या इसापाच्या गोष्टी. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीति' मुंबईत आली १८२८ मध्ये. मराठी मुलांसाठी इसाप पहिल्यांदा छापला गेला तो कावेरीकाठी, तमिळ मुलुखात. राजाचं 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आणखी गमतीचं. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी बाई. तमिळ नाट्यप्रकारात ती हात बघते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. गाण्यातून खंडं, देश, समुद्र. आज एखादी कंपनी हेच ॲनिमेशन करून महिन्याच्या वर्गणीवर विकते.

याच्या थोडं आधी याच प्रांतात शिक्षणातला एक शोध लागला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा प्रमुख होता. शिक्षक पुरेसे नव्हते आणि जे होते ते आपला हेका सोडत नव्हते. एकदा घोड्यावरून जाताना त्यानं एका 'मलबारी' शाळेत, म्हणजे तमिळच, कारण तेव्हाचे इंग्रज तमिळांनाही मलबारीच म्हणत, मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. आपली धूळपाटीच ती. बेलनं ती उचलली. त्याचे शिक्षक म्हणाले, हे जमणार नाही. तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलाला धाकट्यांचा वर्ग सोपवला आणि ते जमलं. मोठ्या मुलानं लहानाला शिकवायचं ही पद्धत आपल्या पंतोजींच्या शाळांतही होतीच. बेलनं तिला शिस्तीत बसवलं आणि १७९७ मध्ये इंग्लंडात त्यावर पुस्तक काढलं. 'मद्रास पद्धत' या नावानं इंग्लंडात आणि बाहेर हजारो शाळा तिच्यावर चालल्या. थोड्या पैशांत पुष्कळ मुलांपर्यंत पोचायचं, हा आजच्या शिक्षण-ॲपवाल्यांचा जप त्या वाळूतूनच निघालाय. बेल आणि सरफोजी दोघेही १८३२ मध्ये वारले.

पुढची दीडशे वर्षं मी झरझर ओलांडते. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठानं टपालानं पदवी द्यायला सुरुवात केली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम उतरले. १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद अजून कित्येकांच्या प्रमाणपत्रावर दिसेल. २००३ मध्ये आयआयटींनी मिळून एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर व्याख्यानं टाकायला घेतली.

माझ्या मावशीनं बार्शीला अंगणवाडी सांभाळून असंच मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. दर रविवारी अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र असायचं. एका शाळेत, पाचवीच्या बाकांवर. गुडघे बाकाला लागायचे, म्हणून बायका आडव्या बसायच्या. मावशी आजही सांगते की पुस्तकं घरपोच येत, पण ती उघडली जात शनिवारी रात्री, उद्या बाकावर शेजारी बसणारीला काय तोंड दाखवायचं या धाकानं. माझ्या स्वतःच्या शाळेला टीव्ही मिळाला होता. तो कुलूपबंद पेटीत असे, किल्ली हेडसरांकडे आणि वीज दुपारनंतर. आम्ही त्यावर एकच कार्यक्रम पूर्ण पाहिला, तोही क्रिकेटचा.

तमिळनाडूनं या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. २०११ पासून काही वर्षं सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मोठ्या मुलांना फुकट लॅपटॉप मिळाले. ऑगस्ट २०१९ मध्ये 'कल्वि' ही शिक्षणाची सरकारी वाहिनी. तमिळमध्ये कल्वि म्हणजे शिक्षण. पुढच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ही वाहिनी तयार होती. आपल्याकडे घाईघाईनं सह्याद्रीवर 'टिलीमिली' आणावं लागलं.

पण ओरत्तनाडूच्या मुलांनी त्याआधी वेगळाच धडा घेतला होता. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं. ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावुरणी या पट्ट्यातल्या नारळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. नारळाचं नवं झाड धरायला बरीच वर्षं लागतात. घरातल्या मुलांच्या फीचा हिशेब त्या झाडांवर असतो. विजेचे खांब हजारोंनी पडले आणि खेड्यापाड्यांत कित्येक दिवस अंधार राहिला. लॅपटॉप होते. ते चार्ज कुठे करायचे?

कोरोनानंतरचे आकडेही हेच सांगतात. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत एवढी मोठी झेप. पण २०२१ मध्ये त्यांनी विचारलं, फोन मुलाच्या हाती लागतो का? घरात फोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे चौथ्या हिश्शाला तो मिळत नव्हता. फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडूनं जे केलं, ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वाहिनी होती, लॅपटॉप होते, फोन होते, तरी सरकारनं माणसं शोधली. योजनेचं नाव 'इल्लम तेडि कल्वि', म्हणजे घर शोधत आलेलं शिक्षण. आपल्या 'ज्ञानगंगा घरोघरी'ची तमिळ बहीणच. वस्तीतलीच शिकलेली तरुण मंडळी, बहुतेक बायका, पहिली ते आठवीच्या वीसेक मुलांना संध्याकाळी तास-दीड तास शिकवायच्या. मानधन महिना हजार रुपये. जागा मिळेल ती: ओसरी, देवळाचा मंडप, समाजमंदिर. जुन्या तमिळ गावातली 'तिण्णै' शाळा, म्हणजे ओट्यावरची शाळा, तिच्याच मापाची. १८२२ च्या छत्रात एका शिक्षकामागे एकतीस मुलं पडत होती, इथे वीस.

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि मॉरिसिओ रोमेरो या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण तमिळनाडूतल्या सुमारे १९ हजार मुलांना टाळेबंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. बुडालेल्या अभ्यासापैकी दोन तृतीयांश भाग शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत भरून निघाला होता आणि त्या भरपाईतला जवळजवळ चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. महिना हजार रुपयांत एवढं काम करून घेणं हा बायकांच्या कष्टाचा जुनाच हिशेब आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

याचा अर्थ यंत्र बाजूला ठेवा असा कुणी काढू नये. मुरलीधरन आणि सिंग यांनीच ॲलेहांद्रो गॅनिमियन यांच्याबरोबर दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकी अभ्यासाची चाचणी घेतली होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत भरीव फरक पडला. कारण साधं आहे. सातवीतल्या मुलाला चौथीचं गणित येत नसेल, तर यंत्र त्याला न लाजवता चौथीचं गणित देतं. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना ते जमत नाही. ज्याला जे हवं ते शिकवायचं, हे सरफोजींच्या पत्रातलं कलम सॉफ्टवेअरनं खरं केलं. पण दिल्लीतली ती मुलं रोज एका केंद्रात जात होती. तिथे हजेरी होती आणि निम्मा वेळ माणूस शिकवत होता. याउलट पेरूमध्ये सरकारनं खेड्यांत लॅपटॉप वाटले, आणि गणित-वाचनात फरक सापडला नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरांपैकी तिघांनी तो पुरा केला.

आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सची पदवी ऑनलाइन सुरू केली. जेईईऐवजी चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग पात्रता परीक्षा. व्याख्यानं घरी, पण परीक्षा केंद्रात जाऊन, समोर पर्यवेक्षक. ओरत्तनाडूच्या मुलीला चेन्नईच्या वसतिगृहाचा खर्च न करता ती करता येते. मला हा मेळ पुढच्या काळाचा वाटतो: शिकणं घरी, पण अधूनमधून कुठेतरी सदेह हजर व्हायचं.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्षक. तो तमिळ बोलतो, मराठीही बोलतो. तंजावरच्या मराठी घरांतली, तमिळ मिसळलेली मराठी मात्र त्याला कितपत उमजेल शंका आहे. त्याची खरी गंमत अशी की तो कंटाळत नाही. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ दिलं. सरावातली गणितं ४८ टक्के जास्त बरोबर आली. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर न वापरलेल्या मुलांपेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता नुसतं सुचवणारा, शिक्षकांनी आखून दिलेला बॉट ज्यांना मिळाला, त्यांचं तेवढं नुकसान झालं नाही. नायजेरियात मुलांना शाळा सुटल्यावर दोघादोघांत बसवून, शिक्षक हजर ठेवून हेच साधन वापरलं, तेव्हा सहा आठवड्यांत चांगला फायदा दिसला. दोघांना एक पडदा म्हटलं की मला बेलची वाळू आठवते.

परवा मावशीकडे गेले होते. नातू आठवीत, बीजगणिताशी झटत होता. त्यानं उदाहरणाचा फोटो काढला, फोननं पायऱ्या पायऱ्यांनी उत्तर दिलं, त्यानं वहीत उतरवलं.

"झालं, आजी."

"हं. आता मला शिकव."

"तुला कशाला? तुला येतं की."

"नाही येत. विसरले सगळं. पहिली ओळ अशी का आली?"

पहिली ओळ त्यानं सांगितली. दुसरीही. तिसरीपाशी तो अडला आणि त्याचा हात फोनकडे गेला. मावशीनं फोनवर आपला हात ठेवला होता.

"थांब," ती म्हणाली, "परत दुसरीपासून."

तो वैतागला, उठून पाणी पिऊन आला, आणि परत दुसरीपासून सुरू झाला.