गोदामाच्या दारात – लेखांक ९ : रॅम्प घेण्याआधी सांधा बघा

मागच्या आठवड्यात आपण गोदामाच्या फरशीबद्दल बोललो. आज दाराबाहेर येऊ. भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात असे अनेक जुने गाळे आहेत, ज्यांची फरशी रस्त्याच्याच पातळीला आहे. न्हावाशेव्याहून आलेला कंटेनर दारात लागतो तेव्हा त्याचा तळ जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर वर असतो. खाली उभ्या फोर्कलिफ्टला दारालगतचे पॅलेट तेवढे उचलता येते, मागचा माल तिच्या टप्प्यात येत नाही. मग टोळी आत चढते आणि पाठीवरून उतराई सुरू होते.

यार्ड रॅम्प ही यावरची सोय आहे. चाकांवर बसवलेला हा लोखंडी चढ ट्रक जिथे उभा असेल तिथे ओढून नेता येतो. हायड्रॉलिक पंपाने त्याचे तोंड वर करायचे, पुढची जाड पट्टी कंटेनरच्या तळावर टेकवायची, साखळ्या लावायच्या, की फोर्कलिफ्ट थेट आत जाते. बांधकाम लागत नाही. गाळा भाड्याचा असेल तर सोडताना रॅम्प सोबत नेता येतो.

विक्रेता पहिल्यांदा सांगतो ती क्षमता : दहा टनी, बारा टनी. हा आकडा लागतोच. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट स्वतःच सव्वाचार टनांच्या आसपास भरते. तीन टन माल घेतला की सव्वासात. शिवाय माल पुढे असल्याने त्यातला फार मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे एकाच आसावर सहा टनांहून अधिक. म्हणून एकूण क्षमतेबरोबर एका आसाला किती भार चालतो हेही लेखी मागावे.

पण माझ्या मते रॅम्पची खरी परीक्षा वरच्या टोकाला, ट्रक आणि लोखंड जिथे भेटतात त्या सांध्यावर होते. समजा चढ सरळ कंटेनरच्या दारापर्यंत जातो. फोर्कलिफ्टची पुढची चाके आत गेली, मागची अजून चढावर आहेत. गाडीचे तोंड वर उचललेले असते, पॅलेटवरच्या मालाची पुढची कड छताकडे जाते आणि गाडीचे पोट सांध्यावर घासू लागते. साध्या कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटर, हाय क्यूबची २.५८ मीटर. फोर्कलिफ्टचा मास्ट खाली घेतलेला असतानाही दोन मीटरच्या वरच असतो. तेवढ्या फटीत गाडी तिरकी झाली की मास्ट किंवा माल चौकटीला लागायला वेळ लागत नाही. म्हणून चढ संपल्यावर वर सपाट तुकडा हवा, आणि तो फोर्कलिफ्टच्या पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराहून लांब हवा. तीन टनी गाडीत हे अंतर १.७ मीटरच्या आसपास असते. त्यामुळे सहा फुटी सपाट तुकडा जेमतेम पुरतो, आठ फुटी मिळाला तर जरूर घ्यावा. सपाट तुकडाच नसलेला स्वस्त रॅम्प मी कुणालाही घेऊ देणार नाही.

सांध्याची दुसरी गोष्ट म्हणजे तो हलतो. फोर्कलिफ्ट आत शिरली की ट्रकचे पाटे दबतात, बाहेर आली की ट्रक पुन्हा वर येतो. पुढची पट्टी बिजागरीवर मोकळी असावी, ट्रकच्या तळाबरोबर वर-खाली व्हावी. शिवाय दर वेळी आत फोर्कलिफ्टचा ब्रेक लागला की ट्रक थोडा पुढे ढकलला जातो. या सरकण्यामुळेच पट्टी निसटते आणि गाडी मध्ये पडते. साखळ्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या, ट्रकच्या चाकांखाली ठोकळे, आणि उतराई संपेपर्यंत ट्रकची चावी मुकादमाकडे. या तीन गोष्टींत सूट देऊ नये. घोडा, म्हणजे ओढणारे पुढचे इंजिन, सोडवून नुसता ट्रेलर उभा असेल, तर त्याच्या पुढच्या टोकाखाली वेगळा आधार दिल्याशिवाय फोर्कलिफ्ट आत घालू नये.

आता लांबी. तळ १.४ मीटर उंच आणि चढाचा भाग ९ मीटर, तर चढण सुमारे १५ टक्के. तोच भाग ६ मीटर केला की चढण २३ टक्क्यांवर जाते. आपल्या फोर्कलिफ्टच्या माहितीपत्रकात ती भरलेली असताना किती टक्के चढते ते दिलेले असते. बॅटरीवरच्या गाड्यांचा आकडा डिझेलपेक्षा बहुधा कमी असतो. चढावर माल नेहमी वरच्या बाजूला राहिला पाहिजे : भरलेली गाडी चढताना सरळ, उतरताना मागे मागे. चढावर वळायचे नाही.

पृष्ठभाग जाळीचाच घ्या. आपल्याकडच्या पावसात सपाट पत्र्यावर चिखलाचे टायर धरत नाहीत. दातेरी जाळीतून पाणी आणि चिखल खाली जातो. मात्र हातपॅलेटची छोटी चाके जाळीत अडकतात, आणि तसाही तो चढावर नेऊ नये.

अंगण मोजल्याशिवाय मात्र पैसे देऊ नका. अकरा मीटरचा रॅम्प, फोर्कलिफ्टला सरळ येऊन चढायला निदान पाच मीटर, आणि चाळीस फुटी कंटेनरची अख्खी गाडी सोळा मीटरच्या आसपास. बत्तीस मीटर सरळ, सपाट, पक्की जागा झाली. गल्लीतल्या गाळ्याला ती नसेल तर रॅम्पचा नाद सोडावा आणि ट्रक खाली उतरेल असा खड्डा किंवा उचलणारे टेबल यांचा विचार करावा.

कंटेनरचा तळ ७,२६० किलोच्या आसभारासाठी तपासलेला असतो. जुन्या ट्रकच्या हौद्याच्या फळ्यांना अशी कसलीच खात्री नाही. तिथे दोन टनी गाडी वापरा, किंवा फोर्कलिफ्ट सपाट तुकड्यावरच थांबवा आणि माल आतून हातपॅलेटने फाळक्यापर्यंत आणा.

राहता राहिला टोळीचा प्रश्न. बाहेरून येणाऱ्या कितीतरी कंटेनरमध्ये पेट्या किंवा गोणी पॅलेटशिवाय, थेट तळावर रचलेल्या असतात. अशा मालाला रॅम्प असला तरी माणसे लागतातच. फोर्कलिफ्टने रिकामे पॅलेट आत न्यायचे, टोळीने हाताच्या अंतरावर त्यावर थर लावायचे, आणि भरलेले पॅलेट गाडीने बाहेर आणायचे. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून उतरणे एवढे एकच काम कमी होते, आणि ते कमी व्हावे असे मला मनापासून वाटते. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेली टोळी असेल तर नव्या पद्धतीचे दर रॅम्प यायच्या आधीच मुकादमाशी बसून ठरवा. बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याला तुमच्या अंगणात, तुमच्या फोर्कलिफ्टने, भरल्या पॅलेटसह एक कंटेनर उतरवून दाखवायला सांगा, आणि तेव्हा मुकादमाला सपाट तुकड्याशेजारी उभे राहून मास्ट आणि चौकट यांच्यातली फट बघू द्या.

पुढच्या आठवड्यात : पक्का धक्का असलेल्या गोदामांसाठी डॉक लेव्हलर.