सागवानी तावदानांची निगा

ठाण्यापर्यंत १८५३ साली आणि कल्याणपर्यंत १८५४ साली आगगाडी धावली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात जे बंगले, चाळी आणि शाळा उभ्या राहिल्या, त्यांतील अनेकांना लहान लहान काचांच्या सागवानी खिडक्या होत्या. पुनर्विकासाच्या ओघात त्या आता भंगारात जात आहेत. ज्या उरल्या, त्या राखाव्यात असे आम्हांस वाटते. जुने सागवान सहजी सडत नाही, आणि एक काच फुटली तर तेवढीच बदलता येते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी विहारांसाठी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिल्याचा उल्लेख आहे: कठड्याची, जाळीची आणि गजांची. निवाऱ्याची काळजी ही आपल्या परंपरेत जुनीच आहे.

मात्र लाकूड जितके निरुपद्रवी, तितका त्यावरील जुना रंग नसतो. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते असू शकते. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. खिडकी उघडमीट करताना झडप चौकटीला घासते आणि रंगाची भुकटी खाली पडते. वसतिगृहात तिथेच मुलांची अंथरुणे असतात. म्हणून हे काम उन्हाळी सुटीत, मुले घरी गेल्यावर करावे. तेव्हा लाकूडही कोरडे असते.

झडपा क्रमांक घालून उतरवाव्यात व खाली प्लास्टिक अंथरावे. रंग पाण्याने भिजवून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडावा. नंतर पाण्याच्या पॉलिशपेपरने ओलेच घासावे. कोरडे घासू नये, ज्योतीने जाळू नये. जाळल्यास शिशाची विषारी वाफ निघते. कॉस्टिक सोड्याने लाकूड काळवंडते आणि सांधे सैल होतात. रुमालाने धूळ अडत नाही; एन-९५ मुखपट्टी वापरावी. खपल्या पिशवीत बंद कराव्यात, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

काच बसवण्यापूर्वी खाचेला प्रायमर द्यावा. तो नसेल तर कोरडे लाकूड लुकणातील जवसाचे तेल शोषून घेते आणि लुकण तडकते. खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेले लुकण एक-दोन आठवडे सुकू द्यावे. तेलाची फडकी गोळा करून ठेवल्यास ती आपोआप पेटू शकतात. ती उन्हात पसरून वाळवावीत. त्यानंतर तैलरंगाचे दोन पातळ हात द्यावेत. रंग काचेवर जरासा चढू द्यावा, म्हणजे फटीतून पाणी शिरत नाही. झडपेच्या खालच्या कडेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कुजणे तिथूनच सुरू होते. पावसात लाकूड फुगते, म्हणून झडप व चौकट यांत नाण्याच्या जाडीइतकी फट ठेवावी.

हे सारे जाणणारे सुतार व रंगारी आता थोडे उरले आहेत. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हाती ही कला आहे, त्यांनी सुटीत दोन दिवस शाळेसाठी काढावेत आणि वरच्या वर्गांतील मुलांना नव्या लाकडावर लुकण भरणे शिकवावे. जुना रंग खरवडण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.