नव्याण्णव डॉलरची अमेरिका

१९६०च्या दशकात ग्रेहाउंड या अमेरिकन बस कंपनीची परदेशी प्रवाशांसाठी एक योजना होती. ९९ डॉलर भरा आणि ९९ दिवस देशभर वाटेल तिथे फिरा. किती मैल जायचं, किती बस बदलायच्या, एकाच रस्त्यानं किती वेळा ये-जा करायची, कशालाही मर्यादा नाही. डॉलर तेव्हा ४ रुपये ७६ पैशांना होता. म्हणजे जवळपास सगळी अमेरिका पावणेपाचशे रुपयांत. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर साडेसात रुपयांवर गेला, तरी हिशेब साडेसातशेच्या आतच राहिला. भारतातून निघताना हातावर जेमतेम आठ डॉलर टेकवले जाण्याचे ते दिवस. शिष्यवृत्तीतून नाहीतर वाचनालयात पुस्तकं लावून साठवलेल्या पैशांतून एवढं तिकीट निघू शकत होतं.

परदेशी विद्यार्थ्यांमध्ये ही बस लोकप्रिय होण्याचं स्वस्ताई हे एक कारण झालं. दुसरं कारण कायद्यात होतं. १९४६च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेत कायमचं राहण्यासाठी वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा ठेवला होता. म्हणजे शिकायला गेलेला बहुतेक प्रत्येक जण परत येणार हे धरूनच चाललेलं असे. देशवार कोट्याची ती पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. तोवर पदवी हातात पडली की प्रश्न एकच उरायचा: पुन्हा इकडे येणं होणार नाही, मग जाण्याआधी हा देश पाहून घ्यायचा की नाही? परतणं नक्की होतं म्हणूनच हा प्रवास घडत होता, असं माझं मत आहे. ज्याला राहायचंच आहे तो म्हणतो, बघू पुढच्या सुट्टीत.

परतीच्या वाटेवर अमेरिका आडवी पार करण्याची आपल्याकडची परंपरा मात्र बसहून जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं व्याख्यानं देत तिथेच हिंडल्या. परतताना त्या आल्या वाटेनं मागे फिरल्या नाहीत. आगगाडीनं पश्चिम किनारा गाठला, पॅसिफिक ओलांडला आणि जपानमार्गे १८८९च्या सुरुवातीला मुंबईत उतरल्या. ११ मार्चला शारदासदन सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तकही छापलं. अमेरिकेवर मराठीत आजवर ढिगानं पुस्तकं आली. पण तिथल्या शाळा, संस्था, बायकांची स्थिती आणि वर्णभेद इतक्या शोधक नजरेनं पाहणारी थोडीच.

बसकडे वळू. अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संस्थेनं १९४७पासून परदेशी शाळकरी मुलांना वर्षभर अमेरिकन कुटुंबांत ठेवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची ही संस्था. तिनं बसच्या प्रवासाला अभ्यासक्रमाचाच भाग करून टाकलं. वर्ष संपलं की मुलांना थेट घरी धाडायचं नाही. निरनिराळ्या देशांची मुलं एका बसमध्ये भरायची आणि गावोगाव थांबत न्यायची. प्रत्येक मुक्कामाला रात्रीपुरतं नवं घर, नवी माणसं. त्या हंगामातच वॉशिंग्टनला सगळे जमत. केनेडी अध्यक्ष असताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर त्यांनी या मुलांसमोर भाषणं केली आहेत. कल्पना फार शहाणी होती. एका घरात वर्ष काढलं की ते घर म्हणजेच अमेरिका वाटू लागतं, आणि बस तो समज खोडून काढते. विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांचंही तेच होई. त्यांची अमेरिका म्हणजे प्रयोगशाळा, वसतिगृह आणि नाताळात जेवायला बोलावणारे प्राध्यापक.

या बस कंपनीचा जन्म मिनेसोटातल्या हिबिंग गावचा. लोखंडाच्या खाणींचं गाव. बॉब डिलन तिथेच वाढला. कार्ल एरिक विकमन नावाच्या स्वीडिश स्थलांतरिताच्या गळ्यात सात जणांची एक हपमोबील गाडी पडली होती, गिऱ्हाईक मिळेना. १९१४मध्ये त्यानं तीच गाडी खाणकामगारांची ने-आण करायला लावली. भाडं १५ सेंट. हिबिंगमध्ये आता या बसचं संग्रहालय आहे. १९५४मध्ये रेमंड लोवी यांच्या आराखड्याची ‘सीनिक्रूझर’ आली. पुढचा भाग खाली, मागचा उंच, वर मोठ्या काचा, वातानुकूलन आणि आत शौचालय. अशा १,००१ गाड्या बनल्या. भारतातून आलेल्या मुलाला मुक्कामाला पोचण्याआधी त्या शौचालयाचंच अप्रूप वाटलं असेल, यात शंका नाही.

अमेरिकन बसची गोष्ट आपण त्याआधीच पडद्यावर पाहिली होती, फक्त ठाऊक नव्हतं. फ्रँक काप्राचा १९३४चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ म्हणजे मायामीहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या बसमध्ये भेटलेल्या दोघांची कथा. तिच्यावरून १९५६मध्ये राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ झाला आणि १९९१मध्ये ‘दिल है के मानता नहीं’.

प्रवासाची रीत साधी. पासाबरोबर कुपनांचं पुस्तक मिळे. दर टप्प्याला एक कुपन फाडून द्यायचं. कंडक्टर नाही. तिकीट बघणारा, सामान पोटात ढकलणारा आणि पुढचा थांबा पुकारणारा तो ड्रायव्हरच. जागा राखून ठेवायची पद्धत नव्हती, जो आधी रांगेत तो आधी आत. प्रवासी उरले तर मागे जादा गाडी सोडायची. स्टँडवर नाणं टाकून उघडणारे लॉकर असत. त्यात बॅग ठेवायची, दिवसभर गाव पायी बघायचं आणि रात्रीची बस पकडायची. रात्र बसमध्ये काढली की खोलीचं भाडं वाचलं, ही हुशारी सगळेच पासवाले करत. तीन-चार रात्रींनी अंग बोलू लागलं की वायएमसीएची स्वस्त खोली आणि गरम पाणी. शाकाहाऱ्यांचे मात्र हाल. वाटेतल्या पोस्ट हाउस उपाहारगृहांत मांसाविना मिळे ते चीज सँडविच, बटाट्याच्या तळलेल्या फोडी, दूध-कॉर्नफ्लेक्स आणि अ‍ॅपल पाय. पायमध्ये चरबी असू शकते हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळलं.

न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी टर्मिनलपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे ४,७०० किलोमीटर. न थांबता गेलं तर तीन दिवस, तीन रात्री. घड्याळ तीनदा तासानं मागे करावं लागतं. आजचा आय-८० महामार्ग साधारण त्याच वाटेनं जातो. शिकागोपर्यंतचा भाग मी भरभर सोडतो. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर सुंदर आहेत आणि गॅरीचे पोलाद कारखाने बघण्यासारखे, पण पूर्वेत शिकणाऱ्यानं अशी दृश्यं आधी पाहिलेली असतात. खरी अमेरिका, निदान बसमधून कळणारी, मिसिसिपी ओलांडल्यावर सुरू होते.

आयोवात मका आणि सोयाबीन. पुन्हा मका आणि सोयाबीन. माणूस झोपतो, जागा होतो, बाहेर मकाच. नेब्रास्कात रस्ता प्लाट नदीची सोबत धरतो. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे जाणारे याच काठानं गेले आणि रेल्वेही याच काठानं गेली. कोझाड या छोट्या गावावरून शंभरावं रेखावृत्त जातं. साधारण तिथून पुढे पाऊस वर्षाला ५० सेंटिमीटरच्या खाली येतो. मका विरळ होतो, गवत आणि गुरं दिसू लागतात, आणि दोन घरांमधलं अंतर वाढत जातं. भूगोलाच्या पुस्तकातली रेघ खिडकीतून दिसणं विमानात शक्य नाही.

शायेनच्या पुढे शर्मन खिंडीपाशी रस्ता २,६३३ मीटरवर पोचतो. कळसूबाईहून हजार मीटर उंच, तरी घाट चढल्याचं जाणवत नाही, कारण पठारच हळूहळू वर येत गेलेलं असतं. त्यापलीकडे रॉलिन्सच्या आसपास विलक्षण मुलूख आहे. अमेरिकेचा मुख्य जलविभाजक इथे दुभंगून दोन फाट्यांनी जातो. मधल्या खोलगट भागात पडलेलं पाणी ना अटलांटिकला मिळतं ना पॅसिफिकला, तिथेच आटून जातं. सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन पंथीयांनी १८४७मध्ये वसवलेलं शहर. रस्ते इतके रुंद की पायी ओलांडताना चालणारा दमतो. मग मिठाचं सपाट पांढरं मैदान, आणि ते संपलं की नेवाडाची हद्द. हद्दीला लागूनच जुगाराची यंत्रं सुरू. नेवाडानं १९३१मध्ये जुगार कायदेशीर केला, त्यामुळे बस चहापाण्याला थांबली की ड्रायव्हरच्या परतीची वाट बघत अर्धी बस यंत्रात नाणी टाकत असे.

रीनोनंतर सिएरा नेवाडा. पॅसिफिकवरून येणारं बाष्प हा डोंगर अडवतो, म्हणून नेवाडा कोरडा आणि कॅलिफोर्नियाकडचा उतार देवदारांनी भरलेला. फलटणहून महाबळेश्वरला चढावं तसं हे संक्रमण, फक्त सगळं शंभरपट. इथल्याच डॉनर खिंडीत १८४६च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या तांड्यातली निम्म्याच्या आसपास माणसं मेली. बस ती खिंड तासाभरात ओलांडते.

बाहेरचं इतकं सांगितलं, पण आतलं अधिक महत्त्वाचं. अमेरिकेत ज्याच्याकडे मोटार आहे तो लांबच्या बसला बसत नाही. म्हणून बसमध्ये भेटायचे ते रजेवरचे शिपाई, लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्या, शेतमजूर, काम शोधत गाव बदलणारे आणि फार मोठ्या संख्येनं कृष्णवर्णीय. विद्यापीठाच्या आवारात न दिसणारा हा देश. आणि दक्षिणेत गेलं की स्टँडवरच्या पाट्या सुरू व्हायच्या: गोऱ्यांची प्रतीक्षागृहं वेगळी, काळ्यांची वेगळी. ४ मे १९६१ला गोऱ्या-काळ्यांचा मिळून १३ जणांचा एक गट वॉशिंग्टनहून दोन बसनी दक्षिणेकडे निघाला, एक ग्रेहाउंडची आणि एक ट्रेलवेजची. आंतरराज्य प्रवासात भेदभाव नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाळला जातो का, हे तपासायला. १४ मे रोजी अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनजवळ जमावानं ग्रेहाउंड बस पेटवली. सरकारला हलावं लागलं आणि १ नोव्हेंबरपासून त्या पाट्या काढण्याचा नियम लागू झाला.

नियम झाला तरी गावं लगेच बदलली नाहीत. मे १९६४मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात धोतर नेसलेल्या डॉ. राममनोहर लोहियांना एका कॅफेटेरियात शिरू दिलं नाही. ते हटले नाहीत, म्हणून त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं दिलगिरी व्यक्त केल्यावर, माफी मागायचीच तर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची मागा, अशा आशयाचं उत्तर लोहियांनी दिल्याचं सांगतात. आपल्या मुलांना ‘तुम्ही काळे नाही, भारतीय आहात’ असं सांगून गोऱ्यांच्या बाजूला बसवणारेही भेटत, आणि ती सवलत घ्यायची की नाकारायची हे ज्याचं त्याला ठरवावं लागे. जात घेऊन वाढलेल्या माणसाला तो प्रसंग अनोळखी वाटला नसणार.

हे सगळं कसं संपलं? ज्या महामार्गांनी बसला वेग दिला त्यांनीच तिला मारलं. १९५६च्या कायद्यानं ४१,००० मैलांचं जाळं आखलं गेलं आणि प्रत्येक कुटुंब स्वतःच्या मोटारीनं लांब जाऊ लागलं. १९७८मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तिकिटं उतरली. १९८२मध्ये बस व्यवसायही मोकळा झाला आणि तोट्यातली लहान गावं कंपन्यांनी सोडून दिली. १९९०मध्ये ग्रेहाउंडनं दिवाळखोरी जाहीर केली. दरम्यान तो पास ‘अमेरिपास’ नावानं अमेरिकनांनाही मिळू लागला होता. पुढे त्याचा ‘डिस्कव्हरी पास’ झाला आणि २०१२मध्ये तो बंद पडला. २०२१मध्ये कंपनी जर्मन फ्लिक्सकडे गेली. भर शहरातले जुने स्टँड विकले जात आहेत. फिलाडेल्फियाचा २०२३मध्ये बंद झाला आणि प्रवासी काही काळ फुटपाथवर उभे राहिले. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांची ही किंमत त्या श्रीमंत देशात आहे.

आज तिथे शिकणाऱ्या भारतीयांची संख्या प्रचंड आहे. २०२३-२४मध्ये ती ३,३१,६०२ होती, सगळ्या देशांत सर्वाधिक. पण पदवीनंतर नोकरीचा परवाना, त्यानंतर एच-१बीची सोडत, या धावपळीत देश पाहणं मागे पडतं, आणि सोडतीत नंबर लागला नाही तर सामान आवरायलाच वेळ पुरत नाही. एफ-१ व्हिसावाल्याला अभ्यासक्रम किंवा त्यानंतरचं प्रशिक्षण संपल्यावर निघायला ६० दिवस मिळत आले आहेत. हे नियम बदलत असतात, तेव्हा आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्यावं. मुदत मिळत असेल तर त्यातला आठवडा वेगळा काढा.

सगळा प्रवास बसनं करा असा हट्ट मी धरणार नाही. गाड्या उशिरा येतात आणि रात्रीचे थांबे आता फारसे सुखाचे नाहीत. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत जाणारी अ‍ॅमट्रॅकची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ ही आगगाडी सुमारे ३,९०० किलोमीटरचं अंतर पन्नासहून थोड्या अधिक तासांत कापते आणि रॉकी पर्वत व सिएरा दिवसाउजेडी दाखवते. तीन-चारशे किलोमीटरचे आडवे तुकडे मात्र बसनंच करावेत. पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ची प्रत हाताशी ठेवा, सरहद्दीजवळच्या भागांत बसमध्ये तपासणी होते. पूर्वेत शिकत असाल तर मुंबईचं तिकीट न्यूयॉर्कहून काढू नका. ते सॅन फ्रान्सिस्कोहून काढा आणि मधलं अंतर जमिनीवरून जा.