खाजेचा ग्लोबल प्रवास

वीकेंड पार्टीत नुसतं म्हणून बघा, 'मला खरूज झालीय.' दोन मिनिटांत तुमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होतील! आणि मग ठरलेला प्रश्न येईल, 'कुठल्या कुत्र्याला हात लावलास रे?' गंमत अशी, की शास्त्रज्ञांना विचाराल तर त्यांचं बोट बहुधा उलट दिशेनं वळेल. आपल्याकडेच!

माणसाची खरूज आणि कुत्र्याची लूत यामागची व्हिलन एकच, 'सार्कोप्टिस स्केबी' नावाची माइट. आठ पायांची, गोचिडीच्या नात्यातली, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीत बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाचा डॉक्टर आणि चेस्टोनी नावाचा औषधविक्रेता या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिला पकडलं. तोवर खाज म्हणजे रक्तातला बिघाड, अशी समजूत होती.

माणूस टू कुत्रा टू जंगल

आज ही माइट १०० हून अधिक जातींच्या सस्तन प्राण्यांत सापडते. ती मुळात माणसाची, आपल्याकडून पाळीव जनावरांत गेली आणि तिथून जंगलात, असं अनेक संशोधक मानतात. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. युरोपियन वसाहतवाले आणि त्यांची जनावरं यांच्याबरोबर ती तिथं उतरली, असं समजलं जातं. आता तिथला गुबगुबीत वॉम्बॅट तिच्यापायी मरतोय. टास्मानियातल्या नारावंटापू नॅशनल पार्कमध्ये २०१० ते २०१६ या काळात वॉम्बॅटची संख्या तब्बल ९४ टक्क्यांनी घटली. वॉम्बॅट एकमेकांची बिळं वापरतात. थंड, दमट बिळात माइट जास्त दिवस टिकते आणि पुढच्या पाहुण्याला चिकटते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ मध्ये लूत आली आणि दोनेक वर्षांत तिथले ९५ टक्क्यांहून अधिक कोल्हे गेले. अमेरिकेत तर कहरच! १९०५ मध्ये मोंटाना राज्यानं लांडगे संपवण्यासाठी कायदाच केला. लांडगे पकडायचे, त्यांना लूत लावायची आणि सोडून द्यायचे. पुढं १९९५-९६ मध्ये यलोस्टोनमध्ये लांडगे मुद्दाम परत आणले गेले, आणि २००७ पासून त्यांच्यातही लूत दिसू लागली. केस गेलेला लांडगा बर्फात अंगातली ऊब गमावतो. तिथं खाज नुसती खाज राहत नाही, जिवावर बेतते.

आता आपल्या घरात

कुत्र्याची माइट आपल्या अंगावर आली तर खाज सुटते, पुरळ येतं. पण माणसाच्या कातडीत तिचा संसार सहसा थाटत नाही. कुत्र्यावर उपचार झाले, की आपलाही त्रास थांबतो. महिनोन् महिने चालणारी, रात्री झोप उडवणारी, बोटांच्या बेचक्यांत ठाण मांडणारी खरूज मात्र माणसाकडूनच आलेली असते. रूममेटकडून, पार्टनरकडून, एकाच गादीवर झोपणाऱ्या भावंडांकडून. त्यात पहिल्यांदा लागण झाली, की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आपण बिनधास्त वाटत सुटतो! म्हणून एकट्यानं क्रीम चोपडून भागत नाही. फ्लॅटमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी, डॉक्टरांना विचारून उपचार घ्यायचे. चादरी, कपडे गरम पाण्यात धुवायचे. यात लाज कसली? जगात कुठल्याही क्षणी अंदाजे २० कोटी लोकांना खरूज असते.

आणि डॉगीचं काय? जळकं ऑइल फासणं बंद करा. तो ते चाटतो आणि विषबाधा होते. आयव्हरमेक्टिन हे उत्तम औषध आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना ते जीवघेणं ठरतं, तेव्हा डोस व्हेटलाच ठरवू द्या. शिवाय प्रत्येक लूत पसरणारी नसते. 'डेमोडेक्स' या दुसऱ्या माइटमुळे होणारी लूत कुत्र्याकडून माणसाला लागत नाही. कातडी खरवडून केलेली साधी तपासणी ते सांगू शकते.

गल्लीतल्या लूत लागलेल्या कुत्र्याला दगड मारून हाकललं, तर तो पुढच्या गल्लीत जातो आणि माइटही त्याच्याबरोबर. त्यापेक्षा सोसायटीत वर्गणी काढा, व्हेटला बोलवा. आता गोळ्या अशा आल्या आहेत, की खाण्यात मिसळून देता येतात. काही आठवड्यांत अंगावर केस परत येतात, आणि तुमच्याकडे बघून शेपटीही हलते!