सातपुडा डाव्या हाताला

सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला निघालेल्या माणसाला वाट फारशी विचारावी लागत नसणार. सातपुडा डाव्या हाताला ठेवायचा आणि तापीच्या खोऱ्यातून उगवतीकडे चालत राहायचं. नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर अशी एकेक गावं मागे टाकत तांडे बऱ्हाणपूर गाठत. सुरत हे मोगलांचं बंदर आणि बऱ्हाणपूर हे त्यांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. या दोहोंना जोडणारा रस्ता आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात होता.

या वाटेने गेलेले परदेशी लोक लिहिते होते, हे आपलं नशीब. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच 1610 मध्ये नंदुरबारवरून गेला आणि तिथल्या कबरी, गढी, तलाव टिपून गेला. इंग्लंडच्या राजा जेम्सचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात याच रस्त्याने बऱ्हाणपूरला पोचला. तिथे शाहजादा परवेझची भेट घेऊन तो अजमेरला, जहांगीरच्या दरबारी गेला. पुढे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याला हिऱ्यांची पारख होतीच, पण नवापुरात त्याची नजर तांदळावर गेली. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. इराणात कुणाला खूश करायचं तर या तांदळाचं पोतं भेट द्यावं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आज नवापूरचं नाव निघतं ते तूरडाळीमुळे, नाहीतर तिथल्या रेल्वे स्टेशनमुळे. त्या स्टेशनात महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द एका बाकड्याच्या मधोमध जाते आणि लोक हौसेने दोन्ही राज्यांत एकदम बसून फोटो काढतात.

याच रस्त्याने 1630 च्या अखेरीस गेलेल्या इंग्रज पीटर मंडीला मात्र तांदूळ दिसला नाही. गुजरात आणि दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. सुरतेपासून नंदुरबारपर्यंतची वाट प्रेतांनी भरली होती, गावांच्या बाहेर मुडदे ओढून टाकलेले होते, आणि जिवंत माणसं उकिरड्यात दाणा शोधत होती. त्याच्या रोजनिशीतली ती पानं आजही सलग वाचवत नाहीत.

या सगळ्यांना सातपुडा दिसत होता, पण त्यात शिरायचं कारण कुणालाच नव्हतं. व्यापाऱ्याला डोंगर टाळायचा असतो. डोंगरात रस्ता न्यायची गरज पडते ती राज्यकर्त्याला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात हेच झालं. ग्लासगोहून ग्लेन्कोच्या खिंडीतून आणि नेस सरोवराच्या काठाने इन्व्हर्नेसला जाणारा ए-82 रस्ता आज पर्यटकांचा लाडका आहे. पण त्या मुलखातले पहिले बांधीव रस्ते जनरल वेडने 1725 पासून काढले, ते बंडखोर डोंगरी टोळ्यांवर सैन्य धाडता यावं म्हणून. निसर्गशोभा बघायला लोक आले ते फार नंतर.

सातपुड्यात रस्त्याआधी पलटण आली. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा भिल्लांचे उठाव चालूच होते. इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स आउट्रमने 1825 मध्ये भिल्लांनाच भरती करून भिल्ल पलटण उभारली. डोंगरातल्या काठी, सिंगपूर, गव्हाळी, नाला, चिखली, नवलपूर या सहा मेवासी संस्थानिकांना सांभाळून घेतलं गेलं. सातपुड्यातला अक्राणीचा डोंगरपट्टा पायवाटांवरच राहिला. पुढे 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे आली, तीही सपाटीने. तिचे रूळ नवापूर, खांडबारा, नंदुरबार असे जवळजवळ जुन्या तांड्यांच्याच मागाने गेले. मोटारींच्या महामार्गाने मात्र नंदुरबार शहराला बगल दिली. पूर्वीचा 6 आणि आताचा 53 क्रमांकाचा सुरत–धुळे रस्ता नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारी घाट चढतो आणि दहिवेल, साक्रीकडे उतरतो. ऑक्टोबर 2020 मध्ये याच घाटात खासगी बस पुलावरून खाली गेली, तेव्हा पाच जण गेले.

सातपुड्याच्या पायथ्याने आज अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता जातो. अक्कलकुवा, तळोदा, शहादा ही तीन तालुक्यांची गावं त्यावर आहेत. खरा डोंगर चढायचा तर इथून उत्तरेला वळावं लागतं. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट, तळोद्याहून कोठारमार्गे धडगावला जाताना चांदसैली घाट, आणि शहाद्याहून म्हसावदवरून तोरणमाळला जाताना सात पायरीचा घाट.

तिन्हींत चांदसैली अवघड. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणावर समोरून पिकअप आली की एकाला मागे सरकण्यावाचून गत्यंतर नाही. कडा काळ्या पाषाणाचा दिसतो, पण तो एकसंध नाही. पाषाणाच्या थरांमध्ये मुरूम आणि तांबडी माती असते. पावसाचं पाणी भेगांतून आत मुरतं, माती सैल होते आणि वरचे धोंडे रस्त्यावर येतात. सप्टेंबर 2021 मध्ये अशीच दरड कोसळून घाट बंद पडला. आजारी बायकोला एका माणसाने खांद्यावर घेतलं आणि तो दवाखान्याकडे चालू लागला. ती वाटेतच गेली. बातमी राज्यभर गाजली, घाट पुढच्या पावसाळ्यातही तोच होता.

याच घाटाच्या वर अस्तंबा आहे, 1325 मीटर उंचीचा. अश्वत्थामा तिथे अजून भटकतो अशी श्रद्धा असल्याने धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो लोक रात्रभर चालून शिखर गाठतात. उतरताना पाय थकलेले असतात आणि मिळेल त्या गाडीत बसलं जातं. 2025 च्या दिवाळीत यात्रेकरूंनी भरलेली पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि अनेक जण दगावले. दोष चालकावर टाकणं सोपं आहे. पण सणाच्या दिवसांत त्या घाटात पुरेशा एसटी सोडल्या तर पिकअपच्या हौदात कोण उभं राहील?

रस्ता वर पोचला की हवा पालटते. देवगोईच्या वरची डाब आणि वालंबा ही गावं थंडीत हमखास पेपरात येतात, कारण तिथे गवतावरचं दव गोठतं. एप्रिल–मेमध्ये मोलगी आणि धडगावच्या आसपास दुसरंच दृश्य असतं. घरातली बायामाणसं कैऱ्या सोलून फोडी करतात आणि त्या खडकांवर, अंगणात, शेतात पसरतात. पांढऱ्या फोडी उन्हात आक्रसून तपकिरी होतात, मग पोत्यात भरल्या जातात. आमचूर, भगर, चारोळी, सीताफळं ही इथली घाट उतरणारी रोकड. दिवाळीनंतर घाट उतरतात ते ऊसतोडीला निघालेले संसार, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसकट.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यामागे दुर्गमतेचा मुद्दा मोठा होता. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं खरं, पण घाट तेवढाच लांब राहिला. शिवाय डोंगरापलीकडे नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांना झळ बसली आणि काठाकाठाने चालायच्या कित्येक वाटा बुडाल्या. तिथल्या लोकांसाठी आरोग्य खात्याने बोटीवर तरंगता दवाखाना सुरू केला. ती बोट काठाला लागते, पण पाडे असतात वर टेकडीवर. पाड्यापासून बोटीपर्यंत, किंवा उलट्या दिशेने डांबरी रस्त्यापर्यंत, रुग्ण आणायला बांबूला बांधलेली झोळी आणि ती उचलणारे चार खांदे अजून लागतात.