सामायिक जिना आणि पाहुण्यांचा परवाना

चाळीत वाढलेल्या माणसाला सामायिक जिना म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जिना सर्वांचा, म्हणून त्यावरचा त्रासही सर्वांचा. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरातील ‘टेनेमेंट’ इमारती अशाच आहेत. एक दरवाजा, एक जिना आणि प्रत्येक मजल्यावर निरनिराळ्या मालकांचे फ्लॅट. त्यातील अनेक फ्लॅट पर्यटकांना दोन-चार रात्रींसाठी दिले जाऊ लागले. मध्यरात्री बॅगांची खडखड, रोज नवे चेहरे आणि कायम राहणाऱ्यांना घरांची टंचाई, अशा तक्रारी वाढल्या. आज आपली मुले शिक्षण-नोकरीसाठी परदेशी जातात. त्यांच्यासाठी हा नियम येथे थोडक्यात देत आहोत.

१९८२ च्या नागरी प्रशासन कायद्याखाली स्कॉटलंडमध्ये २०२२ साली परवाना पद्धत सुरू झाली. जुन्या यजमानांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. विनापरवाना पाहुणे ठेवणे हा गुन्हा असून २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. राहत्या घरातील एखादी खोली देणाऱ्यासही परवाना लागतो. धूर व उष्णता सूचक यंत्रे, गॅस आणि विजेची तपासणी, विमा, पाहुण्यांची कमाल संख्या, या अटी पाळाव्याच लागतात.

शेजाऱ्यांनाही येथे स्थान आहे. अर्जाची सूचना इमारतीजवळ २१ दिवस लावलेली असते आणि अर्जापासून २८ दिवसांत लेखी आक्षेप घेता येतो.

एडिंबरा नगर परिषदेचे धोरण मात्र याहून कडक होते. टेनेमेंटमधील संपूर्ण फ्लॅटला परवाना द्यायचा नाही हे आधीच गृहीत धरायचे आणि तो का द्यावा हे अर्जदाराने पटवून द्यायचे. जून २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ सेशनने, हे धोरण बेकायदा ठरविले. जमिनीवर गालिचे अंथरण्याची सक्तीही टिकली नाही. तरीही मालकाला रान मोकळे झालेले नाही. सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण शहर नियंत्रण क्षेत्र असल्याने, स्वतः राहत नसलेला फ्लॅट त्यानंतर नव्याने पाहुण्यांना देण्यासाठी नियोजन परवानगीही लागते. सामायिक जिना असेल तेथे ती मिळणे कठीण जाते.

यातून आम्ही एवढेच घेतो की, शेजाऱ्याची झोप आणि मालकाची मिळकत या दोन्हींचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल लागू नये. पण ऐकले जाते ते मुदतीत आणि लेखी मांडलेलेच. जिन्यात उभे राहून केलेली तक्रार जिन्यातच विरते.